पुरनलालजींनी केलेला गाडीचा सौदा

“वरचा एक पैसा देत नाही मी. तू फक्त तोंड बंद ठेव,” असं मुलाला बजावून पुरनलालजींनी चपला काचेच्या दाराबाहेर काढल्या आणि ते गोंदियाच्या त्या शोरूममध्ये शिरले. मागे त्यांची सून रुची, कडेवर झोपलेली लेक टीना घेऊन. आणि रुचीचा नवरा टिकेश, ज्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

महिनाभर तो असाच होता. कंपनीनं ती तांबडी, वाऱ्यासारखी पळणारी गाडी मोजकीच काढली होती. गोंदियाच्या वाट्याला एकच आली, म्हणून डीलरनं किमतीवर भरमसाठ ‘ऑन’, म्हणजे वरचा पैसा, लावला होता. टिकेश झोपेत गिअर बदलायचा. एकदा गिअर समजून टीनाचाच पाय धरला, तो रुचीनं त्याचं एकेक बोट उचलत हळूच सोडवला.

पुरनलालजींची हयात बैलबाजारात गेलेली. तिथली रीत त्यांना पक्की ठाऊक. माल आवडला की त्याला मोठ्यानं नावं ठेवायची.

“इतकी बुटकी? आमच्या धानाच्या बांधीच्या रस्त्यानं पोट घासत जाईन हे.”

“बाऊजी, स्पोर्ट्स मॉडल है,” मॅनेजर म्हणाला.

“अन् टायर? भाकरीवानी चपटे. मागं माझी म्हातारी बसली तं काढाले चार माणसं लागतील.” मॅनेजरनं गाडी सुरू करून दाखवली. “इले खोकला हाय का?”

पलीकडे साधी गाडी बघायला आलेलं जोडपं कुजबुजू लागलं. बुकिंग केलेले एक गुरुजी उठून आपल्याच गाडीखाली वाकून पाहू लागले. मॅनेजरला घाम फुटला.

“बाऊजी, धीरे बोलिए. ऑन छोड़ दिया. ले जाइए.”

टिकेशनं रुचीचा हात असा दाबला की बांगडी तडकली. पण पुरनलालजींचा चेहरा पडला. त्यांनी दोघांना बाजूला ओढलं.

“इतक्या लवकर काऊन सोडून राहिला हा?”

“तुम्हीच तं सोडवलं, बाबूजी,” टिकेश म्हणाला.

“चांगल्या बैलाचा मालक सांजेपर्यंत हटत नाही. हा चहा येवाच्या आधी हटला. खोट हाय इच्यात.”

मॅनेजरला वाटलं, म्हाताऱ्याला आणखी काही हवंय. “सीट कव्हर फ्री.” पुरनलालजी एक पाऊल मागे. “म्यूजिक सिस्टम भी फ्री.” ते दारापाशी. विमा फुकट म्हणताच त्यांनी चपला घातल्या.

“बाबूजी, घेऊन टाका ना,” रुची काकुळतीला आली. “यांना महिनाभर धड झोप नाही.”

“बेटा, बैलासंगं फुकट दोर, फुकट घुंगरू कोण देते? लंगडा बैल खपवाचा राहते तोच देते.”

हे चालू असताना बालाघाटचा एक पोरगा आला. त्यानं काही न विचारता ऑनसकट पैसे भरले, किल्ली घेतली आणि गाडी गुरगुरत निघून गेली. ती वळणाआड होईपर्यंत टिकेश रस्त्यावर उभा होता. रुचीनं निजलेली टीना त्याच्या खांद्यावर ठेवली. आणखी काय देणार होती ती?

जुनी जीप खडखडत आमगावपर्यंत आली. शेवटी पुरनलालजींनाच राहवलं नाही.

“नाराज नोको होऊ. दिवाळीनंतर आणखी येतील. तवा निवांत पाहून घेऊ.”

“नाही येणार, बाबूजी,” टिकेश म्हणाला. “एवढ्याच काढल्या होत्या. आता कारखान्यानं ते गाडी बंद केली.”

पुरनलालजींचा चेहरा उजळला. मांडीवर थाप मारून ते सुनेकडे वळले.

“पाह्यलं, बेटा? कारखान्यालेबी समजली खोट.”