चौदा नंबरची खाट

साहेब, सरळ आरोप आहे: त्या दिवशी अख्खं हॉस्पिटल तुम्ही अडवून धरलंत. तेही खुर्चीत नसताना.

सकाळी दहाला डॉक्टरांनी चौदा नंबरच्या आजोबांना घरी जायला सांगितलं. साडेदहाला आजोबा बूट घालून खाटेवर तयार. चारला त्यांची लेक परदेशी निघणार होती, पुढची भेट तीन वर्षांनी. पण सिस्टर डिस्चार्जचं बटण दाबायच्या आणि पडद्यावर नुसतं चाक फिरायचं.

"सिस्टर, मी बरा झालोय."

"मला दिसतंय हो. कॉम्प्युटरला दिसत नाहीये."

"मग त्याला झोपवा इथं, मी निघतो!"

"डिस्चार्ज पडल्याशिवाय वॉचमन सोडायचा नाही, आजोबा."

सिस्टरांनी चिडून आणखी पाचदा बटण दाबलं. पाचही विनंत्या एकामागे एक जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे औषधं, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. बाराला डेटाबेस सांभाळणाऱ्या ताई आल्या आणि त्यांनी रांगेचं टोक शोधलं.

"चौदा नंबरची नोंद कोणीतरी बदलायला घेतलीय आणि सेव्ह न करताच उठून गेलंय. ते सुटेपर्यंत बाकी सगळे ताटकळणार."

"कोण तो मेला?"

"साहेब."

"अगं बाई! मी काही बोलले नाही हं!"

"तोडा की मग त्याचं काम," आजोबा म्हणाले.

"तोडता येतं. पण साहेबांचीच परवानगी लागते, आणि अर्ज याच सिस्टिममध्ये टाकायचा."

ताईंनी अर्ज टाकला. चाक फिरू लागलं. रांगेत अर्जाचा नंबर एकशे बारावा.

तुम्ही वरच्या मजल्यावर बैठकीत होता, साहेब. विषय: 'कॉम्प्युटर हळू का चालतो?' शिपायाने ताईंना दारातूनच परतवलं. खाली बाकावर एक धडधाकट गृहस्थ बॅग घेऊन सकाळपासून ओरडत होते, "खाट रिकामी व्हायला मुहूर्त काढताय का?"

तीन वाजले. आजोबा काठी टेकत ताईंसमोर आले. "पोरी, तीन वर्षं म्हणजे माझ्या वयाला फार झाली गं."

ताईंनी पडद्यावरच्या त्या नोंदीचा फोटो काढला आणि तुमचं काम तोडलं. सगळी चाकं एकदम थांबली, डिस्चार्ज पडला. पावणेचारला आजोबा घराच्या दारात होते, लेक बॅग उचलत होती.

दुसऱ्या दिवशी ताईंना तुमची नोटीस: 'विनापरवानगी काम का तोडलं? खुलासा द्या.'

खुलासा त्या फोटोत आहे, साहेब. चौदा नंबर, खिडकीजवळची खाट. आजोबा अजून खाटेवर, आणि तुम्ही त्यांचं नाव खोडून अर्धवट लिहिलेलं नाव तुमच्या मेहुण्यांचं. बाकावर पाच तास बोटं मोडत बसले होते ते हेच. तुमच्याच रांगेत.

आता उत्तर तुम्ही द्या: मेहुण्यांना झालंय काय?