मास्तरांची तिजोरी

"जगात कचरा नावाची वस्तूच नाही! उकिरडा ही तिजोरी आहे, तिजोरी!" रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात रुडॉल्फ मास्तरांनी गावाला बजावलं आणि जोशात एक पाऊल पुढे टाकलं. ते नेमकं ताज्या शेणात पडलं.

"तिजोरी घरात आणू नका," त्यांची बायको क्लेमेंटीन म्हणाली. "चप्पल बाहेरच धुवा."

साल त्र्याऐंशी. निवृत्तीनंतर मास्तरांनी वसईच्या आपल्या वाडीत गोबरगॅसची टाकी बांधली होती. शेणाचा गॅस, गॅसवर चहा, उरलेली मळी केळींना, केळीचा पाला म्हशीला आणि म्हशीकडून पुन्हा शेण. कागदावर चक्र सुरेख फिरत होतं. प्रत्यक्षात म्हैस एकच, आणि तीही निवृत्तीला आलेली. म्हणून शेजारच्या भालचंद्रच्या आणि पुतळाबाईंच्या गोठ्याबाहेरचं शेण मास्तर रोज पाटीनं उचलून आणत. कुणाची हरकत नव्हती. टाकीवरची लोखंडी टोपी गॅसनं चांगली वीतभर वर आली होती.

येत्या रविवारी पंचायत समितीचे साहेब त्या गॅसवरचा चहा प्यायला येणार होते.

"त्या दिवशी गॅस नीट चालला नाही," क्लेमेंटीननं सांगून ठेवलं होतं, "तर सोमवारी टाकी बुजवून वांगी लावीन." आणि कुदळ आणून दाराशी ठेवली.

भाषणाचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. मास्तर पाटी घेऊन गेले, तर गोठा लख्ख.

"भालचंद्र, शेण कुठंय?"

"तिजोरीत!" भालचंद्रनं माडाच्या झापांनी झाकलेला खड्डा अभिमानानं दाखवला. "काल डोळे उघडले, मास्तर. महिनाभर तुम्हाला फुकट देत होतो, काय येडा मी!"

पुतळाबाई गोवऱ्या थापत होत्या. मास्तर म्हणाले, "पाटीभर तरी द्या हो."

"वा! काल शिकवलंत नि आज विसरायला सांगता? मास्तर ना तुम्ही?"

मास्तरांचा धडा एवढा मन लावून आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकला होता. त्यात त्यांना रोज एकदा ज्योत पेटवून पाहिल्याशिवाय चैन पडेना. शनिवारपर्यंत टोपी चार बोटांवर आली.

रविवारी साहेब टांग्यातून उतरले. मास्तरांनी अंगणातल्या गॅसच्या शेगडीपाशी काडी ओढली. निळी ज्योत फुलली, टाळ्या पडल्या. पातेल्यातलं पाणी कोमट झालं, गुणगुणायला लागलं, आणि ज्योत गपकन विझली. साहेब तेव्हा जमलेल्या गावाकडे तोंड करून बोलत होते आणि गाव साहेबांकडे बघत होतं, म्हणून अब्रू वाचली. क्लेमेंटीननं पातेलं उचललं, आत रॉकेलच्या स्टोव्हवर चढवलं आणि जाता जाता पुटपुटली, "अब्रूपुरतं करते. वांगी उद्याच."

"अप्रतिम!" साहेबांनी कप रिकामा केला. "शेणाचा वाससुद्धा नाही! आता घरोघरी टाकी हवी. कोण कोण बांधणार?"

सगळ्या गावाचे हात वर. सगळ्यात आधी भालचंद्रचा. मास्तरांनी वर गेलेले हात मोजले. आता या गावात शेणाचा कणही मिळणार नव्हता.

"मास्तर, तुम्ही गावाला दिशा दिलीत," साहेब गहिवरून म्हणाले. "आमच्याकडून काही हवं असेल तर मागा. संकोच करू नका."

मास्तरांनी तळाला बसलेली टोपी पाहिली. दाराशी टेकलेली कुदळ पाहिली. मग फाटकाबाहेर नजर टाकली. पोटभर गवत खाऊन टांग्याचा घोडा शेपटी उचलू की नको अशा विचारात उभा होता.

मास्तरांनी हळूच पाटी उचलली.

"साहेब, टांगा अजून पाच मिनिटं थांबवाल का?"