लंडन अठरा जुन्नर

आमच्या येडगावचे बबनतात्या जगातलं कुठलंही अंतर जुन्नरमध्ये मोजतात. नारायणगाव ते जुन्नर या लायनीवर त्यांनी उभी हयात प्रवासी भरून नेणारी वडाप जीप चालवली. एका खेपेला अर्धा तास, म्हणजे एक जुन्नर. माझी सासुरवाडी नाशिकची, म्हणून तात्यांच्या लेखी मी सहा जुन्नरांवरची बायको केली. "किलोमीटर नका सांगू राव, टाईम सांगा," हे त्यांचं पालुपद.

लेक सुनीता लग्न होऊन लंडनला गेली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "इमान किती वेळ घेतं?" लंडनहून मुंबईला नऊ तास, मी म्हणालो. तात्यांनी बोटांवर हिशेब केला आणि चेहरा उजळला. "अठराच जुन्नर? मग कुठं लांब हाय?"

तरी तिला यायला चार वर्षं लागली. आता ती दोन वर्षांच्या परीला घेऊन येणार होती. या नातीला आजोबांनी फोनवरच पाहिलं होतं, कधी मांडीवर घेतलं नव्हतं. झालं, तात्यांना घर पुरेना. डेअरीवर, चौकात, दिसेल त्याला अडवून "पोरगी येतीय, अठरा जुन्नर" सांगत सुटले. एका अनोळखी पाव्हण्यानं नुसतं "बरं" म्हटलं, तर त्याला चहा पाजला.

आणायला माझी गाडी ठरली. आदल्या संध्याकाळी सुनीताचा फोन आला, "बाबा, रात्रीचं विमान निम्मं रिकामं आहे. परीला आडवं झोपवता येईल."

सकाळी मी गाडी घेऊन दारात, तर तात्या बनियनवर निवांत चहा पीत बसलेले.

"घाई कशाला, भाऊ? निम्मी सीटं मोकळी हायेत. भरल्याबिगर कोन सोडतंय?"

मी परोपरीनं सांगितलं, की विमान ठरल्या वेळेला सुटतं. तात्या माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "तुमी धंदा केला न्हाई," म्हणाले आणि दाढीला बसले.

माळशेज घाटात फोन वाजला. "बाबा, आम्ही उतरलो. कुठे आहात?"

"रिकामं सोडलं? त्या मालकाचं कसं व्हायचं?" असं काहीतरी तात्या पुटपुटले आणि मग थेट मुंबईपर्यंत "दाबा भाऊ, दाबा" एवढंच म्हणत राहिले.

पोचलो तेव्हा सुनीता ट्रॉलीला टेकून बसली होती आणि परी बॅगांवर गाढ झोपलेली. सुनीता रागवायला उठली, पण वडलांकडे बघून नुसतीच हसली. तात्यांनी परीला उठवू दिलं नाही. धोतर सावरून तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि तिचा मोजा उगाच नीट करत राहिले. मला तेव्हा त्यांच्यावर चिडताच येईना.

महिना कसा गेला कळलं नाही. परतीच्या दिवशी मायलेकी आत गेल्यावरही तात्या काचेपासून हलेनात.

"आता नऊ तास," ते म्हणाले.

"जाताना दहा लागतात, तात्या," मी म्हणालो. "वारा समोरून असतो."

या खेपेला त्यांनी बोटं मोजली नाहीत.

"वारा नसंल, भाऊ. लेकरं घेऊन जायची म्हनल्यावर इमानाचाबी पाय निघत नसंल."