खिंडारातला फिटर

याकोबराव साळव्यांनी एकदा दुधाची रांग उलटी केली.

पहाटे साडेपाचला कोपरखैरण्याच्या दूध केंद्रासमोर आम्ही चाळीसएक जण बाटल्या आणि जांभया सांभाळत उभे होतो. सगळ्यात पुढं कुलकर्णी. ते इतक्या लवकर येत, की हे कालच्या दुधाला थांबलेत की उद्याच्या, असा प्रश्न पडे. सगळ्यात मागं, तान्हं पोर काखेत घेतलेली एक बाई. याकोबराव आले, रांगेकडं पाहिलं, हातातला पाना उंचावला आणि गरजले, "शेवटचे ते पहिले! रांग, मागं फिर!"

आवाज असा, की खाडीतले बगळे उडून थेट ठाण्याला उतरले. आणि रांग फिरली हो! केंद्रवाल्यानंही भेदरून पहिली बाटली त्या बाईच्या हातात ठेवली. कुलकर्णी चाळिसावे झाले.

"हे कुठल्या नियमात बसतं?" कुलकर्णी ओरडले.

"शास्त्रात बसतं."

"ते तुमचं रविवारचं शास्त्र!"

"कुलकर्णी, देव काय रविवारच्या ओव्हरटाइमला येतो? तो तिन्ही पाळ्यांत असतो!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. याकोबराव मूळचे नगरकडचे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर, आणि भिंतीला भिंत लावून आमचे शेजारी. ख्रिस्ती माणूस. ख्रिस्ती मी पुष्कळ पाहिले होते, पण शास्त्र असं नळाच्या वायसरपर्यंत लावणारा हा एकच. कारखान्यात नवा पंप बसवायचा होता, तेव्हा याकोबरावांनी चौथऱ्याच्या पायाला हात लावला आणि नट आवळायला साफ नकार दिला. "खाली वाळू आहे. वाळूवर बांधणाऱ्याचं काय झालं, ते लिहून ठेवलंय." साहेब संतापला, दुसऱ्याकडून नट आवळून घेतले. तिसऱ्या दिवशी तो पंप स्वतःच्या पायांनी चालत गेटपर्यंत आला. मी पाहिला नाही; पण याकोबराव खोटं बोलत नसत, आणि मी थोडंसंच वाढवतो.

एकदा एक पाहुणा त्यांना बस स्टॉप विचारायला थांबला. शास्त्राप्रमाणे, एक कोस चल म्हणणाऱ्याबरोबर दोन कोस जायचं असतं. याकोबरावांनी त्याची ट्रंक उचलली, स्टॉप दाखवला, आणि तसेच पुढं चालत राहिले. ट्रंक त्यांच्या डोक्यावर, म्हणून पाहुणा मागं. त्या बिचाऱ्यानं बस तुर्भ्याला पकडली.

दर रविवारी त्यांच्या घरी उपासना होई. कारखान्यातली, आसपासच्या सेक्टरांतली वीस-बावीस माणसं येत. पेटी, टाळ, खणखणीत गाणी. याकोबराव सुटाबुटात उभे राहून संदेश देत. एकच गोष्ट त्यांना खात असे. या घरात भरणाऱ्या मंडळीला, म्हणजे त्यांच्या छोट्या चर्चला, अजून मान्यता नव्हती. सात वर्षं ते नगरला पत्रं धाडत होते. शेवटी नगरहून मोठे पाळकसाहेब, म्हणजे वरचे पाद्री, स्वतः पाहणीला येणार असं कळलं. पसंत पडलं, तर मंडळीला मान्यता आणि स्वतःचा पाळक. नाही पडलं, तर दार बंद करा आणि रविवारी ठाण्याला जात जा.

त्या रविवारी याकोबरावांनी दाराला रंग दिला, रस्ता झाडला, आणि आमचीही पायरी धुऊन टाकली. "सावंत, तुम्हीपण बसा," मला म्हणाले, "खुर्ची भरलेली दिसते."

पाळकसाहेब शिस्तीचे. चष्म्यातून असे बघत, की पेटीचा भाता आपोआप मिटे. त्यांचा संदेश रंगात आला होता, घड्याळात अकरा वाजले होते, आणि दारात जानीबाय येऊन उभी राहिली. शेजारच्या आगरी गावातली म्हातारी. कॉलनीमागं, खाडीच्या बांधाआड तिचं एक भाताचं शेत उरलं होतं. बाकीच्या शेतांवर आम्ही राहत होतो.

"बांदाला खांड परली रं!" ती किंचाळली. "खारा पानी आत शिरतंय! माजा शेत गेला!"

पौर्णिमा होती. उधाणाची भरती बाराच्या सुमाराला पुरी चढणार. एकदा खारं पाणी शेतात बसलं, की दोन-तीन वर्षं तिथं दाणा पिकत नाही.

याकोबराव उठले.

"साळवे, बसा," पाळकसाहेब म्हणाले. "आशीर्वादाआधी उपासना मोडत नाहीत. अहवालात मला हेही लिहावं लागेल."

याकोबरावांचा चेहरा खर्रकन उतरला. सात वर्षं त्या अहवालात होती. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर काढायचा ना?"

"काढायचा."

"आणि अख्खं शेत पडलं तर?" उत्तराची वाट न बघता ते वळले. "मंडळी! उपासना बांधावर! घमेली, फावडी, बादल्या, जे मिळेल ते घ्या!"

वीस माणसं रविवारच्या कपड्यांत पळाली. मी लुंगीत.

खिंडार केवढं होतं म्हणता? हत्ती जाईल एवढं. आमची ही म्हणते, शेळी जाईल एवढं. पण पाणी आत असं मुसंडी मारत होतं, की टाकलेलं प्रत्येक ढेकूळ गिळून पुढं जात होतं. गाववाले धापा टाकत होते.

"मधी कायतरी अडवाला पायजेल!" एक जण ओरडला.

"शास्त्रात आहे!" याकोबराव ओरडले. "खिंडारात उभा राहील असा माणूस देव शोधत होता, त्याला मिळाला नाही. आज मिळाला!"

आणि कोट-टायसकट ते खिंडारात उतरले, पाणी छातीला घेऊन, दोन्ही हात बांधाला टेकवून. फिटरनं स्वतःलाच व्हॉल्व्ह म्हणून बसवलं!

"माझ्या पाठीमागं भरा! बघता काय?"

मग जी रांग लागली, तिला तोड नाही. कॉलनीशी वर्षभर एक शब्द न बोलणारा गाववाला चिखलाचा गोळा माझ्याकडं देई, मी कुलकर्ण्यांकडं, कुलकर्णी पुढं. होय, कुलकर्णी! धोतर खोचून! "ओ सायेब, जरा हात चालवा, फाइल हाय का ती?" गाववाले त्यांना डिवचत होते. पेटीवाल्यानं गाणं सुरू केलं, गाववाल्यांनी कोरस धरला. शब्द कुणालाच येत नव्हते, ठेका सगळ्यांना येत होता. माझ्या डावीकडं कोण म्हणून बघतो, तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले पाळकसाहेब! चष्म्याच्या एका काचेवर चिखल, दुसऱ्या काचेतून हुकूम.

बाराला भरती पुरी चढली. खाडी बांधाच्या कडेपर्यंत आली, फुगली, थबकली. बांध हलला नाही. मग जो जल्लोष उठला, तो पार तळोज्याला ऐकू गेला असणार. याकोबरावांना चौघांनी मुळ्यासारखं उपटून काढलं. डावा बूट बांधातच राहिला.

सगळे बांधावर टेकले. पाळकसाहेबांनी खिशातून ओला फॉर्म काढला. "मान्यता देतोय, साळवे. या अवतारात नाही कसं म्हणू? फक्त एक रकाना राहिलाय. मंडळीच्या पहिल्या उपासनेला हजर किती?"

याकोबरावांनी ओला टाय पिळला. मग म्हणाले, "दोन."

"तुम्ही आणि पत्नी?"

"ती इथं यायच्या आधीच वारली, साहेब."

"मग दुसरं कोण?"

जानीबाय पदरानं तोंड पुसत होती. "दुसरी मी," ती म्हणाली. "मासली इकाला आल्ती. बगते तं काय, हा एकलाच कोट घालून उबा, न् खुर्च्यांना सांगतंय, समद्यांनी उबं राव्हा. खुर्च्या कशा उब्या राहतील? मना बगवंना. टोपली ठेवली न् मीच उबी रायली. मंग येतच गेले, मानसं येयीपरत. दोन पावसाले."

"आजी, संदेश समजायचा तुम्हाला?"

"नाय बा. अर्धा ध्यान टोपलीवर. मांजरी लय होत्या."

कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी चिखलाच्या बोटांनी रकान्यात 'दोन' लिहिलं.

याकोबराव तिच्या हिरव्यागार शेताकडं बघत होते. मग ते बोलले, इतकं हळू, की शेजारी बसलेल्या मलाही कान द्यावा लागला.

"जानीबाय, त्या दिवशी तू उभी राहिली नसतीस, तर पुढच्या रविवारी मी कोट घातला नसता."