सासऱ्यांच्या पांढऱ्या पेशी

"घरचा जावई रक्त तपासणारा असताना बाहेर कशाला जायचं?" असं छाती फुगवून म्हणत जावईबापूंनी सासऱ्यांच्या दंडाला पट्टा आवळला. तपासणी साधी, दरवर्षीचीच. पण थाट असा, की जणू हृदयच बदलायचंय!

प्रयोगशाळेत नळी यंत्रात गेली, आकडा आला आणि जावईबापूंना घाम फुटला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच! म्हणजे रोगाशी लढायला आत कुणीच नाही! त्यांनी तडक माहेरी आलेल्या बायकोला फोन लावला.

"बाबांना खोलीत बंद कर! कुणी जवळ फिरकायचं नाही!"

"अहो, झालंय काय त्यांना?"

"सगळं सैन्य पळालंय!"

झालं! बायकोनं आईला सांगितलं, आईनं मोठ्या सुनेला, आणि घराचं इस्पितळ झालं. दारं, कड्या, चष्म्याची दांडीसुद्धा औषधाच्या पाण्यानं पुसली गेली. पत्ते कुटायला आलेला मित्र फाटकातूनच परत गेला. शेजारीणबाई रडायला लागल्या, तशा सासूबाई गरजल्या, "रडा हो, पण लांबून!"

इकडे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहून विचारलं, "सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंस?"

"मॅडम, यंत्र कधी चुकत नाही!"

"चुकत नसेल, पण फसतं. बघ."

त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून डोळा लावला. पेशी होत्या की! पण एकमेकींना अशा चिकटलेल्या, की गठ्ठेच्या गठ्ठे! यंत्राला ते मोजताच आले नव्हते.

"रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं ना, त्यानं एखाद्याच्या पेशी अशा चिकटतात," बाई म्हणाल्या. "शरीरात काही बिघाड नसतो. दुसऱ्या औषधाची नळी घे, रक्त गार होऊ देऊ नकोस, लगेच मोज."

जावईबापू धावत सासरी गेले, रक्त घेतलं, धावत परतले. आकडा अगदी झकास! पुन्हा धावत सासरी. धापा टाकत त्यांनी खोलीचं दार उघडलं.

"बाबा, तुम्ही ठणठणीत आहात! बाहेर या!"

सासरे पायावर पाय टाकून रेडिओ ऐकत लोळत होते. ते दचकून उठले.

"हळू बोला हो! आधी दार लावा. सकाळपासून एकानंही मला काम सांगितलं नाही. मागेन तेव्हा चहा! तो रिपोर्ट उद्या आला, तर नाही का चालणार?"

"अहो, पण घरचे घाबरलेत..."

तेवढ्यात दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकलं मी सगळं! ठणठणीत ना? मग चढा माळ्यावर, पसारा काढा! आणि जावईबापू, घाबरवलंत ना आम्हाला? तुम्ही शिडी धरा!"