साईशचं दूध नुस्त्यांबरोबर गेलं!

"उद्याची काळजी कोणी करायची नाही! उद्याचा अख्खा दिवस मी गोठवून ठेवलाय!"

रविवारी सकाळी चहात पाव बुडवता बुडवता गौरवीने ही घोषणा केली. आवाज असा, की कारापूरच्या त्या घरात जणू उपग्रहच सुटणार होता!

तसं प्रकरणही लहान नव्हतं. सोमवारपासून गौरवीची बाळंतपणाची रजा संपत होती. डिचोलीजवळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती रसायनं तपासायची, आणि तिथली तिची खुर्ची तिची वाट पाहत होती. पाच महिन्यांचा साईश मात्र जन्मापासून फक्त आईच्या अंगावर प्यालेला. दिवसभर तो आजी-आजोबांकडे राहणार, म्हणजे त्याचं दूध घरात हवं आणि ते बाटलीने त्याच्या पोटात जायला हवं. हे जमलं नाही, तर नोकरी गेली कामातून.

पहिली अर्धी बाजू गौरवीने जिंकली होती. रोज पंपाने दूध काढायचं, छोट्या पिशव्यांत भरायचं, पिशव्या आडव्या ठेवून पातळ वडीसारख्या गोठवायच्या, म्हणजे गोठतातही पटकन आणि वितळतातही पटकन. प्रत्येक पिशवीवर तारीख, वेळ, मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवरसुद्धा एवढा मजकूर नसेल! मग त्या सगळ्या पिशव्या आइस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यात, आणि डबा फ्रीझरच्या पार मागे. दाराची उघडझाप झाली तरी मागचं तापमान हलत नाही, असं तिने घरच्यांना समजावलंसुद्धा होतं. डब्यावर मात्र तिने काही लिहिलं नाही. आत एवढं लिहिल्यावर बाहेर पुन्हा काय लिहायचं?

दुसरी अर्धी बाजू म्हणजे साईश. तो बाटली बघितली की असा चेहरा करायचा, जणू त्याला कोणी कारल्याचा रस पाजतंय.

"आज प्रयोग यशस्वी होणार!" गौरवी म्हणाली. "आईचा वास आला की बाळ बाटली घेत नाही. म्हणून मी खोलीत थांबणारच नाही. सिद्धेश, तू पाजायचंस. बाळाला थोडं उभट धर, बाटली आडवी ठेव, घाई करू नकोस."

तिने सकाळी काढलेल्या ताज्या दुधातलं घोटभर बाटलीत ओतलं आणि बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली. बाकीचं दूध फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेलं. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे सुमंगलाबाई, हातात टोप घेऊन आल्या.

"अगो, उकळी काढ मगे! कच्चें दूध दितात भुरग्याक?"

"आई, हे उकळायचं नसतं!"

"दूध आनी उकळचें ना? आमच्या घरांत असलें केन्नाच जावंक ना!"

"अहो आई, मी रोज पाजते ते काय उकळून पाजते?"

सुमंगलाबाईंनी क्षणभर विचार केला, टोप खाली ठेवला आणि सासरे गुरुदासबाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र बराच वेळ हलत होतं.

सिद्धेश साईशला घेऊन बसला. गौरवी नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेली. नियमाप्रमाणे दारही लोटलं. आणि मग दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. निरीक्षणाशिवाय प्रयोग कसला?

साईशने बाटलीकडे पाहिलं. मग नाक वर केलं. मग मान अशी फिरवली, जशी होकायंत्राची सुई उत्तरेकडे फिरते, आणि बरोबर दाराच्या फटीकडे बघून भोकाड पसरलं!

"तू दिसतेस!" सिद्धेश ओरडला.

"दिसत नाही! एक डोळा फक्त!"

"तेवढा पुरे झाला त्याला!"

शेवटी गौरवीने आत येऊन त्याला अंगावर घेतलं, आणि तो विजयी सेनापतीसारखा पिऊन झोपला.

"काही हरकत नाही," ती पदर सावरत म्हणाली. "साठा आहे ना! संध्याकाळी परत प्रयत्न करू. उद्यासाठी पिशव्या आताच खाली वितळायला ठेवते." आणि तिने फ्रीझर उघडला.

फ्रीझर चकाचक होता! आरशासारखा! आणि देवळाच्या गाभाऱ्यासारखा रिकामा!

"आई!" गौरवी एवढ्या जोरात ओरडली की परसातली कोंबडी उडाली. "फ्रीझर रिकामा कसा?"

"धुलो गो!" सुमंगलाबाई अभिमानाने म्हणाल्या. "फाल्यां श्रावण लागता न्हय! तोय सोमवार! नुस्त्याचो एक तुकडो घरांत उरूंक फावना. सोडो घालून धुलो, वयल्यान लिंबू चोळलो. वास घेवन पळय!"

आता हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. श्रावणात हे घर शिवराक. नुस्तं म्हणजे मासळी खायची नाही, आणि ठेवायची तर त्याहून नाही. पण समुद्रातल्या मासेमारीच्या बंदीत खायला म्हणून साठवलेले बांगडे, तिसऱ्या आणि सुंगटं म्हणजे कोळंबी, सगळं फ्रीझरमध्ये पडून होतं. आणि कशात? आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत! या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम फक्त पहिल्या दिवशी असतं. पुढे जन्मभर त्यात नुस्तं.

"ते डबे कुठे गेले?" गौरवीने विचारलं.

"सगुणाक दिले, साखळीच्या. खाणावळवाल्याक. तो खंय श्रावण पाळटा? सकाळीं तुमी न्हिदिल्लीं तेन्ना येवन व्हेले ताणें."

"मागचा डबासुद्धा?"

"पाटलो, फुडलो, सगळे! एक दवरूंक ना!" त्या हसल्या आणि मग गौरवीचा चेहरा बघून त्यांचं हसू विरघळलं. "कित्याक गो? त्यांत किदें आशिल्लें?"

"साईशचं जेवण!"

सुमंगलाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "अगे म्हज्या सप्तकोटेश्वरा! म्हाका दिसलें सुंगटां!"

पुढच्या क्षणी सिद्धेशची स्कूटर रस्त्यावर होती. मागे गौरवी. पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला, दोघांचे फोन घरीच.

"सगुण उघडेल का रे डबा?" तिने त्याच्या कानात ओरडून विचारलं.

"उघडला तरी काय? त्याला मासळी नाही ते कळेलच!"

"मग तो टाकून देईल!"

"नाही टाकणार. तो नारळाचा रससुद्धा पिशव्यांतच गोठवून ठेवतो. रविवारी सोलकढी फार खपते ना."

गौरवी हळूच म्हणाली, "तो रस... दिसायला कसा असतो?"

सिद्धेशने स्कूटरचा वेग वाढवला.

सगुणची खाणावळ त्या दिवशी जत्रेसारखी भरली होती. नुस्त्याचा शेवटचा दिवस! बाहेर रांग, आत माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, उद्यापासून तोंडाला टाळं लागणार म्हणून आज दोन्ही हातांनी जेवणारी. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक वाटी. वाटीत फिकट गुलाबी, दाट, पांढुरकी सोलकढी.

"थांबा!" गौरवी दारातूनच किंचाळली. "कोणी पिऊ नका!"

सगळी खाणावळ थिजली. तोंडातल्या घासाचं काय करायचं, हे कोणालाच कळेना.

"कित्याक गो बाये?" एकाने विचारलं.

गौरवीने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, की समोर सगळे पुरुष आहेत. तिच्यातल्या लाजऱ्या सुनेने तिच्यातल्या शास्त्रज्ञाला पुढे ढकललं.

"या सोलकढीत एक... एक जैविक द्रव मिसळला असण्याची शक्यता आहे!"

"कसलो द्रव?"

"अपायकारक नाही! उलट फार पौष्टिक! प्रतिकारशक्ती वाढते त्याने!"

"अरे, ही औषधांच्या कारखान्यांतली न्हय?" कोपऱ्यातून एकजण उठलाच. "औषध पडलां कढयेंत! औषध!"

झालं! बांध फुटावा तशी माणसं उठली. एकाने घशात बोटं घातली. एकाने मीठ-पाणी मागितलं. एकजण बेसिनकडे धावला आणि तिथे आधीच ओकत असलेल्याच्या पाठीवर आदळला. एका गृहस्थांनी तर बायकोला फोन लावून कपाटाच्या चावीची जागा सांगायला सुरुवात केली!

आतून सगुण धावत आला. हातात पळी, डोळ्यांत पाणी.

"वैनी! म्हजी खाणावळ बुडयतात काय तुमी!"

"सगुणभाऊ, आईंनी दिलेला डबा कुठाय?"

"खंयचो डबो? कढयेंत किदें पडलां तें सांगात पयलीं!"

"अहो, तो डबा सापडला तरच सांगता येईल!"

"म्हणजे तुकाच खबर ना?" बेसिनवाला आक्रोशला. "डॉक्टराक किदें सांगूं?"

आता लाजेपेक्षा माणसांचे प्राण मोठे! गौरवीने डोळे मिटले आणि सगळा श्वास एका वाक्यात ओतला.

"माझं दूध आहे ते! माझ्या बाळासाठी काढलेलं! अंगावरचं!"

घशातली बोटं हळूहळू बाहेर आली. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी आपल्या रिकाम्या वाटीत डोकावून पाहिलं.

"हांव म्हणटां," ते गंभीरपणे म्हणाले, "आज सगुणान नारळ बरो घातला."

सगुणने पळी कपाळावर मारून घेतली. "आजोबा, तो नारळूच! वैनी, तुमचे डबे हांवें अजून उगडूंकच ना! आज ताजें नुस्तें आसा, तुमचें मंगळवारा खातीर दवरलां!"

तो तिला आत घेऊन गेला. मोठा डीप फ्रीझर. एकावर एक, सगळे सारखे आइस्क्रीमचे डबे. पहिला उघडला, सुंगटं! दुसरा, बांगडे! पुढचा, तिसऱ्या! आणि तळाच्या डब्याचं झाकण निघालं मात्र...

"तारीख! वेळ! मिलिलिटर!" ती ओरडली. "माझं अक्षर!"

पिशव्या दगडासारख्या घट्ट होत्या. "आपल्या फ्रीझरपेक्षा हा जास्त थंड आहे, सिद्धेश! दूध उलट चांगल्या ठिकाणी राहून आलं!" तिने डबा छातीशी धरला, आणि बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मघाशी ओकणारेच सगळ्यात जोरात वाजवत होते.

सगुणने डबा थर्माकोलच्या पेटीत घातला, भोवती मासळीचा बर्फ पसरला आणि सोबत फुकटचा उपदेश दिला, "वैनी, मुखार डब्यार भुरग्याचें नांव घालात!"

निघता निघता आजोबांनी हाक मारली. "भुरग्याचें नांव किदें गो?"

"साईश!"

"ताका सांग, ह्या आज्यान तुजें कांयच पियेंवक ना!"

पण हे सगळं होईपर्यंत बराच वेळ गेला होता. परतताना रस्त्यात एक भला मोठा ट्रक आडवा अडकलेला, पुढे गाड्यांची रांग. गौरवीचा ब्लाउज ओला व्हायला लागला. शरीराचं घड्याळ सांगत होतं, साईशची वेळ होऊन गेली!

"रडत असेल रे तो! टाहो फोडत असेल! बाटली तर तोंडात घेत नाही!"

"पोचतोच आता!"

"घसा सुकला असेल त्याचा! आणि मी इथे मासळीच्या बर्फावर बसलेय!"

घरासमोर स्कूटर थांबायच्या आत तिने उडी मारली. घरातून आवाज नाही. एवढी शांतता? म्हणजे रडून रडून थकला! ती पायऱ्या चढली तोच सुमंगलाबाई बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, आडव्या आल्या. एक हात नाकावर, एक हात तोंडावर.

"हळू! न्हिदला भुरगो! आनी ती पेटी भायर दवर, नुस्त्याचो वास येता!"

"झोपला? उपाशी?"

"उपाशी कित्याक? पियेलो न्हय!"

"काय प्याला?"

गुरुदासबाबा मागे बल्कांवातल्याच खुर्चीत होते. त्यांच्या मांडीवर साईश हात-पाय पसरून गाढ झोपलेला, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब. आणि बाबांच्या हातात बाटली. पूर्ण रिकामी!

"खालच्या कप्प्यांत सकाळचें दूध आशिल्लें," बाबा कुजबुजले. खाणीवर जन्मभर अवजड मशीन चालवलेला माणूस, पण आवाज पिसासारखा. "उदकांत दवरून कोमट केलें. उकळूंक दिलें ना हांवें! आनी हांगा बसून रस्त्यावयल्यो बशी दाखयल्यो ताका. एक बस येतली, एक घोट! दुसरी बस, दुसरो घोट! वास्कोची बस येय मेरेन बाटली सोंपली!"

"रडला नाही?"

"मातसोय ना."

"मला शोधलं नाही? दाराकडे बघितलं नाही?"

"बशी पळयतालो मगे!"

"प्रयोग यशस्वी!" सिद्धेशने मुठी आवळून हवेत उडवल्या. "शंभर टक्के यशस्वी! गौरवी, जिंकलीस तू! हेच हवं होतं ना तुला?"

"हो! हेच हवं होतं!" गौरवी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत पळाली. सिद्धेश मागे गेला, तर ती पंप शोधत होती आणि हुंदके देत होती, आणि मधेच "मी खूप आनंदात आहे!" असं त्याच्यावर खेकसत होती.

सोमवारी सकाळी ती वेळेवर कारखान्यात पोचली. पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले, पहिला नमुना उपकरणात ठेवला. मग हातमोजे काढले आणि घरी फोन लावला.

"आई, दूध प्याला?"

"पियेलो गो! सगळें!"

"रडतो का?"

"ना."

"थोडासा तरी? मी निघाल्यावर?"

"ना गो बाय, हांसता तो!"

आई आता फोन ठेवतील म्हणून गौरवीने पुन्हा घाईघाईने विचारलं, "नीट बघितलंत ना? अगदी कणभरसुद्धा नाही?"

पलीकडे सुमंगलाबाईंनी एक दीर्घ उसासा सोडला.

"फोन दवरूं नाका," त्या म्हणाल्या. "हांव ताका मातसो रडोवन दाखयतां!"