डबल बेल मिळाल्याशिवाय

आमच्या शेजारचे सोपाननाना पंगतीत बसले की वाढप्यांची पंचाईत होते. पान वाढून होतं, श्लोक होतो, सगळे जेवायला लागतात आणि नाना मात्र मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेले असतात. नवीन माणूस घाबरतो. आमटी खारट झाली की पाहुण्यांचा मान करायचा राहिला, त्याला काही कळत नाही. मग कोणीतरी जाणता येतो, पाण्याच्या पेल्यावर नखाने टण टण असं दोनदा वाजवतो आणि नाना पहिला घास उचलतात.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी जामखेड-नगर रस्त्यावर गेली. कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी दिली की गाडी हलवायची, एकदा दिली की थांबवायची. निवृत्तीनंतर गाडी सुटली, नियम अंगात राहिला. "डबल बेल मिळाल्याबिगर आपन हालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दवाखान्यात नंबर पुकारला तरी ते उठत नाहीत. बिचाऱ्या कंपाउंडरला टेबल वाजवावं लागतं.

घरात ही बेल हौसाकाकू द्यायच्या. सकाळी चहाची कपबशी नवऱ्यापुढे ठेवायची आणि बशीवर चमचा दोनदा वाजवायचा. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे कित्येक वर्षं माझी सकाळ त्या टण टणने सुरू झाली. नाना उगाच रेंगाळले की तीच बेल जोरात, रागाने वाजायची आणि पाठोपाठ नानांचं "व्हय व्हय, निघालो" ऐकू यायचं.

मागल्या दिवाळीनंतर काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चांगला होता, पण त्यांनी तोही उचलायचा सोडला. डॉक्टर म्हणाले, त्यांना काहीतरी मागू द्या, काहीतरी करू द्या, नाहीतर आहे तेही जाईल. काकू काही मागेनात. भरवलं तर खायच्या, एरवी भिंतीकडे बघत पडायच्या. इकडे नाना चहासमोर नुसते बसून. शेवटी रोज मीच जाऊन कप वाजवायला लागले. नाना चहा प्यायचे, पण "बदली कंडक्टर" असं पुटपुटून.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत रोबोटचे काही संच आले होते, त्यातला एक मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आणला. जूनमध्ये मुलांना शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं. दोन चाकं, मोटर, दाबलं की टण वाजणारं एक बटण आणि आवाज ओळखणारा एक इवलासा तुकडा. टॅबवर रंगीत ठोकळे बोटाने ओढायचे, एकाखाली एक लावायचे, 'पुढे जा', 'वळ', 'थांब', की गाडी तसं वागते. अक्षरं मराठीत होती. नाना ओट्यावरून बघत होते. हळूहळू ते जवळ सरकले आणि सगळ्या ठोकळ्यांत त्यांना एकच आवडला: 'तोपर्यंत वाट पाहा'.

"ह्यो शाना हाय," ते म्हणाले. "बाकीचे नुसते पळत्यात."

झालं. संच त्यांच्या घरी गेला. काकूंच्या पलंगापासून नानांच्या खुर्चीपर्यंत रूट ठरला. पलंग म्हणजे जामखेड, खुर्ची म्हणजे नगर आणि मध्ये कपाटापाशी आष्टी. प्रत्येक थांब्यावर 'डबल बेल मिळेपर्यंत वाट पाहा'. एवढ्याशा खोलीत आष्टी कशाला, म्हणून मी ते ठोकळे काढले. दुसऱ्या दिवशी बघते तर परत जागेवर.

"नाना, विनाथांबा करा की."

"आमी लाल डब्याची मानसं, बाई. आष्टी सोडून चालत न्हाई."

आधी बेल आवाजावर होती. मग भाजीवाल्याच्या आरोळीने गाडी सुटायची, कुकरच्या शिट्टीने सुटायची. "कोनी बी सोम्यागोम्या बेल देतो," असं म्हणून नानांनी तो तुकडा काढून टाकला. लांब वायर लावून बटण काकूंच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या कडेला बांधलं.

मला वाटलं, आता गाडी काकूंना पाणी नेऊन देईल, गोळ्या नेऊन देईल. तसे ठोकळे लावायला गेले तर नाना चिडलेच. गाडीच्या टपावर त्यांनी डब्याचं झाकण चिकटवलं, त्यात स्वतःच्या चहाचा कप ठेवला, गाडी काकूंच्या उशाशी उभी केली आणि बशी हातात धरून आपण खुर्चीत जाऊन बसले.

"अहो नाना, उलटं झालं हे. आजारी त्या आहेत."

"तिला द्यायला समदे येत्यात," नाना म्हणाले. "ल्योक पैसं धाडतो, सून फोन करती, तुमी शिरा आनता. तिच्याकडनं घेनारं कोन हाय आता?"

मी टॅब खाली ठेवला.

मग रोज सकाळी तेच. गाडी जामखेडला उभी, नाना नगरला बसलेले, काकू भिंतीकडे वळलेल्या. चहा गार व्हायचा, नाना तो मोरीत ओतायचे. माझी टिचकी त्यांनी बंद केली होती. मी सुचवलं, निदान एका बेलवर गाडी सुटू दे, दोनदा दाबणं त्यांना जमणार नाही.

"एक बेल म्हंजी थांबा. तिला म्हाईत हाय ते."

शाळा उघडायची वेळ आली. संच परत न्यायचा म्हणून मी सकाळीच गेले. नाना म्हणाले, एवढी एक फेरी होऊ द्या. कप ठेवला गेला. वाफ विरली. चहावर साय धरली. काकूंची मान जराशी वळली आणि त्या सायीकडे बघायला लागल्या. गार चहा त्यांना कधीच खपायचा नाही. डावा हात सरकला.

टण. एकदाच. गाडी हलली नाही. मी टॅबकडे हात नेला, नानांनी डोळ्यांनीच मला दटावलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग टण टण!

गाडी सुटली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डुगडुगत कपाटापाशी आली आणि थांबली. आष्टी! मला त्या थांब्याचा असा संताप आला.

"नाना, हात लांब करा आणि घ्या की तो कप!"

"गप बसा, बाई," नाना कुजबुजले. "पैली बेल चुकून बी लागली आसंल."

तेव्हा मला आष्टी कळली. आम्ही दोघं पलंगाकडे बघत राहिलो. काकूंच्या कपाळावर आठी पडली, चांगली ठसठशीत, पूर्वीसारखी. आणि बेल वाजली. दोनदा, जोरात, रागाने.

"व्हय व्हय, निघालो," नाना म्हणाले.

गाडी त्यांच्या पायाशी येऊन थांबली. अर्धा चहा टपावर सांडला होता, उरलेला पार गार. नानांनी तो बशीत ओतला आणि काकूंकडे बघत, वाफाळता असावा तसा फुंकून फुंकून प्यायला.